धोंड्याचा सिनेमा

११ मे, सोमवार

मी रोजनिशी लिहायला बसले याचं कारण पॉपकॉर्न. काल थिएटरात जे झालं ते मी शेजारणीला, दूधवाल्याला, पुण्याला लेकीला फोनवर आणि ह्यांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा हे म्हणाले, "आगं, एकदा लिहून काढ की. म्हंजे तुझ्या पोटातनं जाईल आनि माझ्या कानातनंबी." पतसंस्थेची जुनी डायरी माझ्यासमोर ठेवली आणि रंकाळ्यावर फिरायला निघून गेले. डायरी दोन वर्षांपूर्वीची आहे. वार खोडून लिहावे लागतात.

तर काल मी, हे आणि अक्का असे तिघं सिनेमाला गेलो. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, गारगोटीची. आम्ही थिएटरात पाऊल ठेवलं ते तीन वर्षांनी. तिकिटं मोबाईलवर काढली. दर पाहून वाटलं, तिघांचा मिळून असेल. तो एकाचा होता. त्यावर पुन्हा कन्व्हिनियन्स फी. सोय कुणाची? तिकीट मी शोधलं, मी काढलं, पैसे मी भरले, कागदाचा कपटा हाती आला नाही. लेखा कार्यालयात मी अधीक्षक होते तेव्हा असला आकार कुणी लावला असता तर त्याला मेमो मिळाला असता.

दारात पिशव्या तपासणारी मुलगी. अक्कांच्या पिशवीतून भडंगाचा डबा निघाला.

"आजी, बाहेरचं खायला आत चालत नाही."

"भायेरचं कुठलं? घरचं हाय. हात लावून बघ, अजून कोमट हाय."

"रूल आहे आजी."

"तुझ्या सायबाला बोलीव. त्यो एक घास खाऊ दे, मग रूल सांगू दे."

साहेब आला. टाय लावलेला, अतिशय नम्र. नम्र माणसाशी भांडता येत नाही, हे ह्या लोकांनी ओळखलेलं आहे. डबा बिल्ला लावून फळीवर ठेवला. त्या फळीवर थालीपीठं, केळी, चकल्या. निम्मं कोल्हापूर जेवायचं थांबलेलं.

मध्यंतरात पॉपकॉर्न घ्यायला गेले तर तो तिकिटाहून महाग. कारण विचारलं. काउंटरवाला म्हणाला, "मॅडम, कॉम्बो घ्या, स्वस्त पडतं." कॉम्बोत दोन थंड पेयं होती, जी आम्हा तिघांपैकी कुणीच पीत नाही. नको ती वस्तू घेतली की हवी ती स्वस्त पडते, हे अर्थशास्त्र मला बी.ए.ला शिकवलं नव्हतं.

सिनेमा कसा होता ते विचारू नये. माझं लक्ष नव्हतं.

१३ मे, बुधवार

रविवारपासून धोंड्याचा महिना. अनुजा आणि जावई तीस तारखेला पुण्याहून येतील. पुरणाचे धोंडे, अनारसे हे सगळं होईल. अडचण सिनेमाची आहे.

हा आमच्या माहेरचा रिवाज. ज्या माणसानं मुलीचं नाव क्रांती ठेवलं, त्या माझ्या वडिलांना जावयाला वाण देणं पटणार नव्हतं. "जावई म्हंजे काय देव हाय काय?" म्हणायचे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्यात आजीनं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा त्यांनी तोड काढली. वाण नाही, त्याऐवजी सगळ्या घराला सिनेमा. आणि सिनेमा लेकीनं निवडायचा, जावयानं मुकाट बघायचा. बाल्कनीची अख्खी ओळ आमची होती. मी निवडलेला सिनेमा इतका रडका निघाला की हे आजही बोलून दाखवतात. अनुजाच्या पहिल्या धोंड्याला मीही तेच केलं.

यंदा करणार नाही. पाच माणसांची तिकिटं आणि मध्यंतराचा दरोडा यांत चांदीचं निरांजन येईल. वडिलांना जे पटत नव्हतं तेच देईन. निदान वस्तू घरात राहते.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "निरांजनाला इंटर्व्हल न्हाय."

१५ मे, शुक्रवार

हुपरीला जाऊन आले. चांदीचा भाव ऐकून दुकानातल्या बाकावर बसून घेतलं. निरांजन घेतलं, पण इतकं लहान की त्यात वात उभी राहील की नाही शंका आहे.

येताना एसटीत शेजारच्या बाईंनी खिडकी बंद करू दिली नाही. एकूण दिवस वाईट.

१६ मे, शनिवार

अनुजाला फोन केला. सिनेमा रद्द, त्याऐवजी वाण, असं सांगितलं. वाटलं, समजूतदार मुलगी आहे, हो म्हणेल.

"आई, वाण नको गं. सिनेमा कर."

"दर माहीत आहेत का तुला?"

"माहीत आहेत. तरी कर. मी निवडायचा असतो ना?"

"कुठला निवडलायस?"

"कुठलाही. लांब असला म्हणजे झालं."

लांबीवर सिनेमा निवडणारी माणसं मी पाहिली नव्हती. म्हटलं, पैसे वसूल व्हावेत असा विचार असेल. तेवढं माझ्यावर गेलंय.

१९ मे, मंगळवार

आज जावयांचा फोन. यशराज गडहिंग्लजच्या चांगल्या घरातले, पण वाढले पुण्यात, त्यामुळे बोलणं मोजकं. अनुजाकडून थिएटरची हकीगत कळली होती. म्हणाले, "आई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी हिला केव्हाचा सांगतोय. तोच सिनेमा दोन महिन्यांत घरात टीव्हीवर येतो. लोक लुटून घेतात आणि वर आनंदी असतात."

एका दमात इतकं शहाणपणाचं बोलणं मी गेल्या आठ दिवसांत ऐकलं नव्हतं. अर्धा तास बोललो. दोघांचे पगार एकाच खात्यात जातात, अनुजाचं कार्डही त्यांच्याच पाकिटात असतं, म्हणजे वायफळ खर्च होत नाही. घरात एकानं तरी हिशेब धरलाच पाहिजे.

फोन ठेवताना म्हणाले, "सांगू नये, पण तुम्ही आई आहात. मार्चमध्ये ही ऑफिसातून परस्पर सिनेमाला जाऊन बसली. एकटी. मला न सांगता. मैत्रिणीकडून उसने घेऊन."

मी लगेच अनुजाला फोन लावला आणि फैलावर घेतलं. पगारदार बाईनं उसने पैसे घेऊन सिनेमा बघायचा म्हणजे काय? एकटीनं काय बघायचं असतं एवढं? तिनं उलट उत्तर दिलं नाही. "बरं" म्हणाली. पूर्वी अशी नव्हती. पूर्वी मला पाच मिनिटं तरी खिंडीत गाठायची.

२२ मे, शुक्रवार

वडिलांनी आम्हाला नेलं होतं ते टॉकीज अजून असेल, तिथं स्वस्तात होईल, म्हणून गेले. तिथं आता लग्नाचा हॉल आहे. भाडं विचारलं. तेही परवडणारं नाही.

कुणाचं तरी केळवण चाललं होतं. मला पाहुणी समजून मठ्ठा दिला. प्यायले आणि आले.

२४ मे, रविवार

अक्कांचा गारगोटीहून फोन. त्या फोनवर ओरडतात, त्यामुळे ह्यांनाही सगळं ऐकू गेलं.

"क्रांती, सिनेमा रद्द केलास म्हनं?"

"परवडत नाही अक्का."

"मी देतो पैसं. पोरीला सिनेमा दाव."

"पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे."

"तत्त्व घाल चुलीत. पोरगी काय म्हनली तुला?"

"सिनेमा हवा म्हणाली."

"आनि?"

"आणि काही नाही."

"त्येच म्हनतो मी. पोरगी दुसरं कायबी मागत न्हाय. का मागत न्हाय?"

समजूतदार आहे म्हणून, असं सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला. अक्कांना सांगून फोन ठेवायची पद्धत नाही. बोलणं संपलं की त्यांच्याकडून नुसता खटका येतो.

संध्याकाळी हे म्हणाले, "घे की तिकिटं. माझ्या पेन्शनीतनं घे." हे सहसा पेन्शनचं नाव काढत नाहीत.

२८ मे, गुरुवार

तिकिटं काढली. मोबाईलवर नाही, खिडकीवर जाऊन. फी द्यायची नाही हे मी ठरवलं होतं. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "काकू, ऑनलाइन काढा की." मी म्हटलं, खिडकी कशाला ठेवलीय मग, वाऱ्याला? साहेबाला बोलावलं. तोच टायवाला. फी कुठल्या नियमानं घेता, ती पावतीवर वेगळी का दाखवत नाही, हे सगळं मी त्याला नीट विचारलं. पाठीमागे रांग लागली. मी हटले नाही. रविवारच्या सिनेमाची तिकिटं मी फी न देता घेतली.

घरी आल्यावर ह्यांनी तिकिटं उजेडात धरली. "ह्ये काय? तीन जागा एका वळीत, एक चार वळी खाली, एक पार कडंला." मी भांडत असताना बाकीच्या जागा मोबाईलवरून गेल्या. पाच माणसं तीन ठिकाणी.

मी म्हटलं, अंधारात सगळ्या जागा सारख्याच. पण मला ते लागलं. वडिलांची अख्खी ओळ होती.

३० मे, शनिवार

दोघं आली. अक्का सकाळच्या गाडीनंच आल्या होत्या.

अनुजा उतरली, जावयांकडे पाहिलं, मग माझ्या पाया पडली. वाळली आहे. पुण्यात सगळ्याच मुली वाळतात. जावयांनी येताना वाटेत कुठं थांबू दिलं नाही, पाणी घरून आणलं होतं. मी कौतुक केलं.

दुपारी अक्का अनुजाला महाद्वार रोडला बांगड्या भरायला घेऊन गेल्या. जावई इथं सोफ्यावर बसले होते. त्यांच्या मोबाईलवर थोड्या थोड्या वेळानं बिलांचे फोटो यायचे. बांगड्या, दोन पिना, उसाचा रस. रसवाला बिल देत नाही, तर अनुजानं कागदावर लिहून फोटो काढला होता. जावयांनी मला दाखवलं. अशी शिस्त मला माझ्या कार्यालयात सगळी नोकरी संपेपर्यंत कुणाला लावता आली नाही, असं मी त्यांना म्हटलंही.

अक्का परत आल्यावर त्यांच्यापुढेही म्हटलं. अक्का म्हणाल्या, "क्रांती, तू जरा गप बस." मोठ्या नणंदेला उलट बोलू नये म्हणून गप्प बसले. पण काय चुकलं ते सांगायला हवं होतं.

३१ मे, रविवार

क्रमानं लिहिते.

जेवणं झाली. धोंडे चांगले झाले. जावयांनी तीन खाल्ले, निरांजनही घेतलं. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "आई, तुम्ही एवढं ठणकावून सांगितलं होतं, तरी तिकिटं काढलीच. परत करता येतील का?" मी म्हटलं, परत होत नाहीत, तेही विचारून आले आहे. ते हसले. "म्हणजे लुटलं गेलोच." मला हे शब्द माझेच वाटले. पण त्यांच्या तोंडून ऐकताना बरे वाटले नाहीत.

थिएटरात भडंगाचा डबा पुन्हा फळीवर गेला. अक्कांनी ह्या खेपेला मुलीला बजावलं, "बिल्ला नीट लाव. मागच्या बारीला निम्मं कमी झालतं."

जागांचा प्रश्न आला. माझा विचार असा की तीन जागांवर नवराबायको आणि अक्का बसतील, आम्ही दोघं विखुरलो तरी चालेल. अनुजा सरळ आत शिरली आणि त्या तिघांतल्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसली. अक्का तिच्या एका बाजूला बसल्या आणि माझा हात ओढून मला दुसऱ्या बाजूला बसवलं. "पावनं, तुमी खाली बसा. तितनं बेस दिसतंय." जावई चार ओळी खाली गेले. हे कडेला.

दिवे गेले. सुरुवातीची नावं संपायच्या आत अनुजा झोपली. डुलकी नव्हे. लहानपणी ताप उतरल्यावर झोपायची तशी, तोंड किंचित उघडं ठेवून, माझ्या खांद्यावर. पडद्यावर गाड्या आपटत होत्या, बंदुका चालत होत्या. ती हलली नाही. माझा हात बधिर झाला. मी तिकिटाचा दर आणि तिची झोप यांचा विचार करत होते आणि मध्यंतरात तिला काय सुनवायचं त्याचं वाक्य तयार केलं होतं.

दिवे लागले. जावई पायऱ्या चढून आले. "बघा आई. झोपली. ह्याच्यासाठी एवढा हट्ट. एवढे पैसे झोपायला."

माझं वाक्य. शब्दाला शब्द.

अनुजा दचकून उठली आणि "सॉरी" म्हणाली. त्यांना.

अक्का पॉपकॉर्नचा डबा घेऊन आल्या. "घे गं. सोन्याच्या भावाचं हाय, येकेक बघून खा." अनुजानं डबा घेतला, पण खाल्लं नाही. आधी डब्याला चिकटवलेलं बिल सोडवलं आणि हात लांब करून जावयांपुढे धरलं. त्यांनी मागितलं नव्हतं. कुणीच मागितलं नव्हतं. पैसे अक्कांचे होते. तरी हात पुढे गेला, आणि तिची नजर भलतीकडेच. जावयांनी बिल घेतलं, वाचलं, घडी केली, पाकिटात ठेवलं. "अक्कांनी दिलेत ना? मग ठीक." आणि खाली निघून गेले.

माझ्यापुढे नोकरीत पुष्कळांनी बिलं धरली आहेत. ज्यांनी पैसे खाल्ले ते बिल हसत देत. ज्यांनी काही केलेलं नसतं आणि तरी रोज विचारून विचारून ज्यांना वाकवलेलं असतं, ते असा हात पुढे करतात. माझ्या हाताखाली एक बाई होत्या, त्यांचा हात असा व्हायचा. पण त्या साठीच्या होत्या आणि त्यांचा वरिष्ठ फार वाईट माणूस होता.

मी म्हटलं, "अनुजा, तू सिनेमाला झोपायला येतेस?" आवाज माझा नेहमीचाच. मला दुसरा आवाज नाही.

"हो."

"मार्चमध्येही झोपलीस?"

"हो. इथं फोन बंद ठेवला तर कुणी का म्हणून विचारत नाही आई. तीन तास."

"म्हणून लांब सिनेमा."

"हो."

अक्का पडद्यावरची जाहिरात बघत होत्या, म्हणजे तसं दाखवत होत्या. मी आणखी काही विचारणार, तेवढ्यात दिवे गेले. गेले ते बरं झालं. उरलेला सिनेमा मी पाहिला नाही. ती पुन्हा झोपली. मी बधिर हात काढला नाही.

सिनेमा संपल्यावर लोक उठले. शेवटची बारीक अक्षरातली नावं वर सरकत होती. जावई खालून खुणा करत होते. मी बसून राहिले. झाडूवाल्या बायका आत येईपर्यंत बसले. आज पहिल्यांदा मी तिकिटाचे पूर्ण पैसे वसूल केले.

घरी आल्यावर जावयांनी गाडीची किल्ली हातात घेतली. "चल अनुजा. उशीर नको, पुढं टोलला गर्दी होते."

मी म्हटलं, "अनुजा राहणार आहे."

"किती दिवस?"

"तिला अजून विचारलं नाही."

"असं कसं आई? तिचं ऑफिस?"

"लॅपटॉप आणलाय तिनं. मी पाहिलाय."

ते अनुजाकडे वळले. "तू ठरवलंस हे?" अनुजा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी म्हटलं, "मी ठरवलं. माझ्याशी बोला."

"आई, मी जे करतो ते तिच्या भल्यासाठी. तिला पैसा धरता येत नाही. तुम्हीच म्हणालात, माझं बरोबर आहे."

"म्हणाले होते."

"कालसुद्धा म्हणालात."

"कालसुद्धा म्हणाले."

मग खिडकीपाशी बसलेले हे बोलले. जावयांशी हे कधी पाऊस आणि ऊस सोडून बोललेले नाहीत.

"पावनं, पोरीचं कार्ड तेवढं ठिवून जावा."

आवाज चढलेला नव्हता. जावयांनी माझ्याकडे पाहिलं. ह्या घरात त्यांच्या बाजूची मीच होते ना. मी हात पुढे केला, तळवा वर, कार्यालयात करायचे तसा. आणि तसाच ठेवला. पाकीट निघालं. आधी पॉपकॉर्नचं बिल बाहेर आलं, मग कार्ड.

अक्का आतून अनारशांचा डबा घेऊन आल्या. "गाडीत खावा पावनं. भायेरचं लई म्हाग असतंय."

गाडी गेली. अनुजा रडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "आई, मी झोपू?" संध्याकाळची वेळ, देवापुढे दिवा लागलेला. एरवी मी झोपू दिलं नसतं.

१ जून, सोमवार

अनुजा अजून झोपलेली आहे. अक्का तिच्या दाराबाहेर खुर्ची टाकून शेंगा सोलत बसल्यात, कुणाला आत जाऊ देत नाहीत. सकाळपासून जावयांचे फोन येत होते. ह्यांनी एकदा उचलला, "झोपलीया ती," एवढं सांगितलं आणि ठेवला. पुढं काय होईल मला माहीत नाही. अनुजा उठल्यावर मी काही विचारणार नाही असं ठरवलं आहे. जमेल असं वाटत नाही.

दुपारी थिएटरच्या खिडकीवर जाऊन आले. टायवाल्यानं मला लांबून पाहिलं आणि आत गेला.

देण्याघेण्याची नोंद:

जावयांना दिलं: अनारसे तेहतीस, स्टीलच्या डब्यासह. चांदीचं निरांजन.

जावयांकडून घेतलं: अनुजाचं कार्ड.

अनुजाला द्यायचं म्हणून अक्कांच्या हाती दिलं: ते कार्ड. वरच्या खोलीची किल्ली. शुक्रवारच्या दुपारच्या खेळाचं तिकीट, एकच, मागच्या ओळीतलं. जे लागलेत त्यांत सर्वांत लांब कुठला ते विचारून घेतलं.

दरही विचारला. तो इथं लिहीत नाही.